ज्याचा ओरखडा त्याचं नाव

१

चष्मेवाल्यांनी गाडी घेतली तेव्हा बिल्डिंगमधल्या लोकांना वाटलं, आता हे गाडीतून फिरणार. कसलं काय! गाडी खाली बेसमेंटमध्ये कव्हर पांघरून गुपचूप उभी, आणि चष्मेवाले आपले रोज बसच्या दांड्याला लटकून दुकानात. कोणी छेडलंच तर म्हणायचे, "रस्त्यावर धूळ किती असते बघता ना? आणि लोक गाड्या हाणतात कशा! एक चरा पडला की संपलं."

"थंडीत मला कधी एवढं पांघरूण घातलं नाही यांनी," त्यांची बायको शेजारणींना सांगायची. पहिल्या वर्षी हसून सांगायची. पुढे पुढे नुसतंच सांगायची.

चष्मेवाल्यांचं काम भिंगं घासायचं. दुकानाच्या मागे एक खिडकी नसलेली खोली, तिथे यंत्र, ओल्या पावडरीचा वास आणि दिवसभर मान खाली. संध्याकाळी घरी यायचे ते मान धरलेली, डोळे चुरचुरणारे, बोलायचीही इच्छा नाही. जन्मभर परक्यांच्या काचा लख्ख केल्या. स्वतःची म्हणावी अशी लख्ख वस्तू एकच, ती ही गाडी. गडद निळी. त्या रंगावर धुळीचा कण लपत नाही आणि उन्हात धरलं तर केसाएवढा ओरखडाही ओरडून सांगतो, मी इथे आहे म्हणून.

त्यामुळे रोज सकाळी, चहाच्याही आधी, हे बादली आणि दुकानातली पिवळी फ्लॅनेलची फडकी घेऊन खाली. लिफ्ट तळमजल्यापर्यंतच, पुढे जिना. बेसमेंटमधल्या निम्म्या ट्यूबा मेलेल्या, उरलेल्या मरायला टेकलेल्या. पंपाची घरघर. छताला चुना दिलेला होता तो वर कोणी खुर्ची ओढली तरी भुरभुर खाली यायचा. चष्मेवाल्यांची जागा एका जाड खांबाच्या आणि बिल्डिंगमध्येच राहणाऱ्या एका कंत्राटदाराच्या जीपच्या मधोमध. खांबाला त्यांनी जुन्या गादीचा कापूस आणि कापड गुंडाळून ठेवलं होतं. जीपला काय गुंडाळणार?

पुसायची पद्धत दुकानातलीच. कोरडं पुसायचं नाही, गोल पुसायचं नाही. ओलं फडकं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच सरळ हात, मग फडकं उलटं करायचं. आणि पुसताना तोंडाने बोलायचं. हे उस्तादांनी शिकवलेलं. भिंगावर पावडर चढली की दोष दिसत नाही, म्हणून घासायच्या आधी तो मोठ्याने बोलून दाखवायचा: कुठे आहे, केवढा आहे, कोणी पाडला. "ज्याचा ओरखडा त्याचं नाव घे, म्हणजे हात विसरत नाही," उस्ताद म्हणायचे. "आणि एकदा नाव घेतलंस की दोष जाईपर्यंत हात थांबवायचा नाही. मधेच खोल चरा सापडला तर आधी तो घे. खोल चऱ्यासाठी काच जेवढी उतरते ना, त्यात बारीकसारीक ओरखडे आपोआप जातात."

उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. सवय राहिली. तेव्हा रोज सकाळी बेसमेंटमध्ये चष्मेवाल्यांची पुटपुट चालायची, "उजवं दार, एक पोचा, कंत्राटदार. डावं दार, खांब. मागचा बंपर, भिंतीतली सळई. डावा आरसा, पाण्याचा व्हॉल्व्ह." जे लागलं ते आणि जे लागेल असं वाटतं तेही. वॉचमनकाकांना वाटायचं, चष्मेवाले देवाचं काहीतरी म्हणतात.

एका सकाळी त्यांनी कव्हर काढलं आणि बादलीत हात घालणार तोच थबकले. गाडी पुसलेली होती. बोनेटवर ओले पट्टे अजून वाळायचे होते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सरळ, एकाला एक लागून.

२

"काका, माझी गाडी कोणी पुसली?"

"कोण पुसणार?" वॉचमनकाकांनी जांभई दिली. "मी माझी खुर्ची पुसत नाही साहेब, तुमची गाडी कशाला पुसू?"

खरंच होतं. शिवाय कव्हरच्या दोऱ्या चष्मेवाले स्वतः बांधायचे आणि त्या जशा बांधल्या तशाच होत्या. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं.

"तुम्हीच पुसली असेल काल," ती म्हणाली. "दमता, झोपेत चालता, तुमचं काय सांगावं."

"काल मी पुसली, पण काल सकाळी. पट्टे ओले होते, अगं."

"मग चांगलंच आहे की! कोणीतरी पुण्य करतंय. चहा घ्या."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. चष्मेवाले तसे संशयी माणूस. त्यांनी स्वतःच्या चपला तपासल्या, ओल्या आहेत का; बादली तपासली, ती मोरीत पालथी, कोरडी ठणठणीत. कपाटातल्या फडक्यांची चळत हलली नव्हती. झोपेत आपणच जात असू तर पाय तरी मळलेले हवेत. मळलेले नव्हते.

राग यायला हवा होता. आपल्या गाडीला परक्याचा हात लागला म्हणजे एरवी त्यांनी बिल्डिंग डोक्यावर घेतली असती. पण पट्टे इतके सरळ होते, इतके नेमके, की चूक काढायला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर मान फार दुखत होती. चौथ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा त्यांनी छताकडे बघितलं, मनात म्हणाले, पुसली असेलच, आणि कूस बदलून पुन्हा झोपले. कित्येक वर्षांनी अशी झोप लागली. उठल्यावर आपल्याला याची भीती वाटायला हवी, असं त्यांच्या मनात आलं खरं. पण तेवढ्यात चहा आला.

३

पुसायचं काम गेलं तरी चष्मेवाले खाली जायचे. संध्याकाळी दुकानातून आले की पाच-दहा मिनिटं गाडीपाशी उभं राहायचं, सवयीनं नावं घ्यायची आणि वर यायचं.

अशाच एका संध्याकाळी त्यांना डाव्या आरशाजवळचा व्हॉल्व्ह दिसला. भिंतीतून बाहेर आलेला, लोखंडी, टोकदार. त्याला पिवळं फ्लॅनेल गुंडाळलेलं होतं. घडी मोडून, कडा आत वळवून, वर छोटीशी गाठ. चष्मेवाले भिंग असंच बांधतात गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी. गाठ वर ठेवायची, म्हणजे काच ठेवताना गाठ टोचत नाही.

त्यांनी गाठीला हात लावला. गाठ ओलसर होती.

खांबाच्या गादीवर आणखी एक थर चढला होता. मागच्या भिंतीतून निघालेली एक सळई होती, तिच्या टोकावरही पिवळी टोपी. म्हणजे मी जे जे बोललो ते, असा विचार चष्मेवाल्यांच्या डोक्यात आला आणि त्यांनी तो झटकला. छे! बिल्डिंगच्या कमिटीने कोणी माणूस लावला असेल. फ्लॅनेल काय कुठेही मिळतं. गाठ काय कोणीही मारतं.

जिना चढताना मागून आवाज आला. पंप बंद होता म्हणून ऐकू आला, नाहीतर आला नसता. ओल्या फडक्याचा. स्सर्र, असा एक लांब. मग थोडी शांतता, फडकं उलटं करायला लागते तेवढी. मग पुन्हा स्सर्र.

चष्मेवाले मागे वळले नाहीत. बघायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण पाय वरच्याच पायरीवर गेले. घरी बायकोने विचारलं, "एवढा घाम का आलाय?" तर म्हणाले, "जिना आहे ना."

४

पुढच्या आठवड्यात कंत्राटदार दारात येऊन उभा. माणूस आडदांड, आवाज त्याहून आडदांड.

"चष्मेवाले, हा काय फाजीलपणा आहे? माझ्या जीपच्या दारांना चिंध्या कोणी बांधल्या?"

"मी नाही बांधल्या."

"मग काय उंदरांनी बांधल्या? पिवळी फडकी तुमच्याशिवाय वापरतं कोण? सगळी तोडून फेकली मी. आणि ऐका, माझं दार मी कसं उघडायचं ते माझ्या बापानेही मला शिकवलं नाही. लागलं तुमच्या गाडीला तर लागलं!"

आणि खरोखरच लागलं. त्याच संध्याकाळी. चष्मेवाल्यांनी खाली जाऊन बघितलं तर उजव्या दाराला जुन्या पोच्याशेजारी नवा पोचा, आणि त्यातून निळा रंग उडून पांढरं दिसत होतं. मुद्दाम मारलेला. त्यांना इतकं वाईट वाटलं की रडू येईल असं वाटलं. पोच्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "उजवं दार. खोल. कंत्राटदाराचा हात. हातच बांधून ठेवायला हवेत मेल्याचे."

पंप थांबला. एवढंच झालं. पंप रोजच थांबतो.

दोन-तीन दिवसांनी लिफ्टमध्ये कंत्राटदार भेटला. चष्मेवाल्यांनी मान फिरवली, पण कंत्राटदारच हसला. मऊ, ओशाळं हसू.

"काय चष्मेवाले, बरंय ना?"

त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळ्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले होते. बोटं वेगळी दिसत नव्हती. गाठी वरच्या बाजूला.

"हाताला काय झालं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"कुठे काय?" कंत्राटदाराने हात उलटेपालटे करून पाहिले. अगदी नीट पाहिले. "काही नाही. का?"

लिफ्टचं बटण त्याने कोपराने दाबलं. बाहेर पडताना दाराच्या कडेला लागू नये म्हणून तो अंग चोरून, आडवा होऊन निघाला आणि हळूच म्हणाला, "जपून असावं माणसाने."

बिल्डिंगमध्ये कुजबुज झाली. भाजलं असेल, चामडीचा काही रोग असेल. त्याची बायको आता त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि तिला कोणी विचारलं तर डोळ्यांत पाणी आणून आत निघून जायची. जीप जागची हलली नाही. थोड्याच दिवसांत तिच्यावर कव्हर आलं, चष्मेवाल्यांच्या कव्हरसारखंच, तशाच दोऱ्या.

चष्मेवाल्यांनी बेसमेंटमध्ये जाणं बंद केलं. मी काही केलेलं नाही, असं ते स्वतःला भिंगं घासता घासता सांगायचे. मी नुसतं बोललो. बोलल्याने काय होतं? पण दुकानातही त्यांनी दोष बोलून दाखवणं सोडलं, ओठ घट्ट मिटून काम करू लागले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातून भिंगं बिघडायला लागली.

५

आता बिट्टीचं सांगायला हवं. बिट्टी म्हणजे चष्मेवाल्यांची लेक. उशिरा झालेली, एकुलती एक, चणीने एवढीशी म्हणून बिट्टी. दुसरीत होती. शाईचं पेन नुकतंच हातात आलेलं, त्यामुळे बोटं कायम निळी.

बिट्टीचं एकच मागणं. "बाबा, तू मला गाडीतून तळ्यावर कधी नेणार?"

"नेऊ की."

"कधी पण?"

"पाऊस जाऊ दे. चिखल असतो."

पाऊस गेला की धूळ असायची. धूळ बसली की सुट्ट्यांची गर्दी. बिट्टी काही हट्टी नव्हती. विचारायची, ऐकायची आणि महिन्याने पुन्हा विचारायची.

त्या दिवशी मात्र तिने वेगळंच केलं. शाळेतून आली ती वर न येता थेट बेसमेंटमध्ये. चष्मेवाले त्या दिवशी मान धरली म्हणून लवकर परतले होते. वॉचमनकाका म्हणाले, "पोरगी खाली गेली हो," तसे हे मानेचं दुखणं विसरून जिना धडाधड उतरले.

बिट्टीने कव्हरची एक बाजू वर केली होती आणि खांब आणि गाडी यांच्यामधल्या फटीत शिरली होती. पाठीवर दप्तर. खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघत होती.

"बिट्टे! बाहेर ये आधी!"

ती दचकून वळली. दप्तराच्या पट्ट्याला लोखंडी बकल होतं. ते दारावरून करकरत गेलं.

चष्मेवाल्यांना तो आवाज दातांत जाणवला. दारावर वीतभर पांढरी रेघ. दिवसभराचा शीण, दुकानात मालकाची ऐकलेली बोलणी, कंत्राटदार, सगळं एकदम वर आलं. ते काय काय बोलले ते त्यांनाही नंतर आठवलं नाही. बिट्टी रडत जिना चढून गेली. ते रेघेवर अंगठा फिरवत राहिले आणि तोंड आपोआप चालू लागलं. इतक्या वर्षांची सवय ती.

"डावं दार. वीतभर. बारीक. बिट्टी."

नाव तोंडातून गेलं आणि मग कानांवर आलं. "नाही," ते मोठ्याने म्हणाले. "नाही हो. पोर आहे ती. चुकून बोललो. बिट्टी नाही." बेसमेंटभर त्यांचाच आवाज फिरला. पंप थांबला होता. पलीकडच्या बाजूला कुठेतरी फडकं उलटं केल्याचा लहानसा आवाज झाला.

६

सकाळी बिट्टी दूध प्यायला बसली तेव्हा तिची उजव्या हाताची तर्जनी पिवळी होती. फ्लॅनेल, कडा आत, वर गाठ.

"बोटाला काय गं?" आईने विचारलं.

"कुठे काय?" बिट्टी म्हणाली.

चष्मेवाल्यांच्या हातातला कप बशीवर आपटला. त्यांनी बिट्टीचा हात ओढून गाठ सोडली. घाईत सुटेना, नखाने सोडली. आत बोट होतं. धडधाकट, गुलाबी. पण त्यांचे डोळे काचेवरचा केस शोधणारे. त्यांनी बोट खिडकीच्या उजेडात धरलं. बोटाच्या पेरावर एकही रेघ नव्हती. शाईचा डाग नाही, कातडीवरच्या त्या गोल गोल बारीक रेघा असतात त्याही नाहीत. घासून गुळगुळीत केलेलं. पॉलिश अगदी उत्तम होतं, हे त्यांना एका नजरेत कळलं.

"पेन धरता येतं का तुला? धर बघू."

बिट्टीने पेन धरलं. ते निसटलं. तिला गंमत वाटली, ती हसली.

बिट्टी हात धुवायला गेली तेव्हा बायको त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने टेबलावरचं फडकं उचललं, नाकाला लावलं. दुकानातल्या पावडरीचा वास.

"हे तुमचं फडकं आहे," ती म्हणाली. "ही गाठ तुमची आहे. पंधरा वर्षं बघतेय मी ती गाठ."

"अगं, मी नाही..."

"काल पोर रडत आली. गाडीला चरा पाडला म्हणून. आणि आज हे." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्ही दमलाय हे मला कळतं हो. इतके दिवस मी गंमत म्हणून सोडून दिलं. पण पोरीला हात लावाल तर मी इथे राहणार नाही. उद्या सकाळी मी तिला घेऊन माझ्या भावाकडे जाते."

चष्मेवाल्यांना सांगायचं होतं, जा, आत्ताच जा, लांब जा. पण कंत्राटदार बिल्डिंगमध्ये नव्हे, साइटवर असताना त्याचे हात बांधले गेले होते, असं वॉचमनकाका म्हणाले होते. लांब जाऊन काय होणार? आणि मीच करत असेन तर? मला आठवत नाही, एवढाच काय तो पुरावा. त्यांच्या गप्प बसण्याचा बायकोने जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

त्या दिवशी चष्मेवाले दुकानात गेलेच नाहीत. दुपारी बिट्टी शाळेतून आली तेव्हा दोन बोटं पिवळी होती. सकाळी सोडलेलंही पुन्हा बांधलेलं.

७

ते बिट्टीचं ताट वाढायचं तसंच टाकून खाली गेले. भर दुपार, वर रस्त्यावर वाहनांचा गोंगाट. बेसमेंटमध्ये मात्र पंपही चालू नव्हता.

स्सर्र. फडकं उलटं. स्सर्र.

गाडीवरचं कव्हर निघालेलं होतं. नीट घडी घालून डिकीवर ठेवलेलं. चष्मेवाले जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले आणि गाडीपर्यंत जायला त्यांना आयुष्यातलं सगळं बळ लागलं. आवाज डाव्या बाजूने येत होता, खांबाच्या बाजूने. त्या फटीत आता बिट्टीही मावली नसती, इतके थर चढले होते गादीवर.

त्यांना वाकून बघायचा धीर झाला नाही. म्हणून त्यांनी आरशात बघितलं. बाहेरचा डावा आरसा, त्यात दाराची कड दिसते.

आरशात एक कोपर होतं. दुकानातल्या एप्रनची करडी बाही, कोपरापाशी विरलेली. कोपर मागे यायचं, पुढे जायचं. मागे यायचं, पुढे जायचं. वर वाकलेली पाठ आणि एका बाजूला धरलेली मान. चेहरा दाराला टेकलेला, बहुधा नीट दिसावं म्हणून. इतकी दमलेली पाठ चष्मेवाल्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या भीतीतसुद्धा त्यांना वाटलं, अरे, याला कोणी बस म्हणत नाही का?

हात थांबत नव्हता. नाव घेतलंय म्हटल्यावर तो थांबणार नव्हताच. विनवण्या करून काच ऐकत नाही. चष्मेवाल्यांना उस्तादांचं बोलणं आठवलं, खोल चरा सापडला तर आधी तो घे, आणि मग फार विचार करावा लागला नाही.

त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. टोक हेडलाइटपाशी टेकवलं. जिवापाड जपलेला तो निळा रंग, त्यात स्वतःचं तोंड दिसत होतं. त्यांनी जोर लावला आणि चालू लागले. पुढच्या चाकावरून, उजव्या दारावरून, दोन्ही पोच्यांमधून, मागच्या दारावरून थेट मागच्या दिव्यापर्यंत. किल्लीखालून रंगाची साल निघत होती. पत्रा किंचाळत होता. दात करकरत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात त्यांनी सरळ ठेवला. एकच हात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

मग ते उभे राहिले आणि दुकानात बोलतात तसं, स्वच्छ बोलले.

"उजवी बाजू. पुढून मागेपर्यंत. खोल, पत्र्यापर्यंत. मी." आणि हात विसरू नये म्हणून पुन्हा एकदा, "माझा आहे हा. मी पाडला."

पलीकडचं फडकं थांबलं.

मग एक उसासा ऐकू आला, संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढताना चष्मेवाले टाकतात तसा. आणि गाडीच्या मागून, हळूहळू, पाय ओढत, कोणीतरी उजव्या बाजूला यायला लागलं. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले उठले ते अगदी ताजेतवाने. मान दुखत नव्हती. डोळे चुरचुरत नव्हते. वीस वर्षांचा शीण कोणी धुऊन न्यावा तसं हलकं वाटत होतं. काल वर कधी आलो, जेवलो की नाही, हे आठवेना. पण त्याचंही काही वाटलं नाही.

बाहेरच्या खोलीत बायकोची बॅग भरून दाराशी ठेवलेली. बिट्टी टेबलाशी बसून शुद्धलेखन लिहीत होती. चष्मेवाल्यांनी आधी तिचे हात बघितले. उघडे होते. फ्लॅनेल नाही, गाठ नाही. तर्जनी तेवढी अजून नको इतकी चकचकीत, पेन जरा निसटत होतं, पण बाकीच्या बोटांनी तिने ते आवळून धरलं होतं आणि सगळी बोटं शाईने बरबटलेली. असा आनंद त्यांना बिट्टी जन्मली त्या दिवशी झाला होता.

"चल बिट्टे," ते म्हणाले. "आज शाळा नाही, काही नाही. आज तळ्यावर. गाडीतून."

बिट्टीने वर बघितलं. तिचा आनंद चेहऱ्यावर आला आणि अर्ध्यातच थांबला.

"बाबा, तुझ्या हातांना काय बांधलंय?"

"कुठे काय?" चष्मेवाल्यांनी हात उलटेपालटे करून पाहिले. नीट पाहिले. काही नव्हतं. "काही तर नाही."

बायको स्वयंपाकघरातून आली. बॅग उचलायला वाकली होती, ती वाकल्या जागीच राहिली. हळूहळू सरळ झाली. ती त्यांच्या एका हाताकडे बघत होती, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या.

"अहो," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कालचा राग औषधालाही नव्हता. "दोन्ही हात कोणी बांधले? स्वतःचे दोन्ही हात स्वतःला बांधता येत नाहीत."

"काय बोलतेस तू सकाळी सकाळी?" चष्मेवाले हसले. मऊ हसले. "चला, आवरा. पण जपून हं, दाराला लागेल."

टेबलावर गाडीची किल्ली होती. दातांत निळा रंग अडकलेला. त्यांनी ती उचलली. म्हणजे हात नेला, पण किल्ली तिथेच राहिली. पुन्हा हात नेला. किल्ली टेबलावर इकडून तिकडे सरकत होती, एवढंच. त्यांना कळेना, आज हिला झालंय तरी काय.

बिट्टी खुर्चीवरून उतरली. तिने आपल्या शाईच्या बोटांनी किल्ली उचलली, बाबांकडे एकदा बघितलं आणि ती आईच्या हातात दिली.